टेकडीवर न गेलेले दिवस

१२ ऑगस्ट १९९७, आष्टी
मधल्या सुट्टीत वंदना आली. आधी ओळखलंच नाही. कापलेले केस, पँट, खांद्याला जड पिशवी. सातवीत भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची म्हणून मी खडू फेकून मारला होता, तीच ही. बापूरावांची मुलगी, संत्र्याच्या बगीच्यातली. आता पुण्याला पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. पाया पडली आणि लगेच कामाचं बोलली. मला ते आवडलं.
"बाई, ते वाऱ्याची वही हाय का अजून? भिंगऱ्या घेऊन टेकडीवर जात होतो आमी, ते?"
आहे म्हणजे काय. आठ वर्षं चालवली ती वही. पिंपळाची पानं सळसळली की पोरं घेऊन टेकडीवर जायचं, कागदी भिंगरी धरायची, मिनिटाला किती फेरे ते मोजून लिहायचं. पुढे नवे हेडमास्तर आले आणि म्हणाले, पोरं उन्हात काळी पडतात. वही ट्रंकेत गेली.
आज काढून दिली. वाळवीने एक कोपरा खाल्लाय. वंदना वही उभ्या उभ्या वाचत होती, डबा तसाच राहिला तिचा.

२१ सप्टेंबर १९९७
वं.चं पत्र. साहेब आधी हसले म्हणे, वर्धा जिल्ह्यात कसला आलाय वारा. हिने वही टेबलावर ठेवली. शिवाय सांगितलं की गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच टेकडीवर धान्य उपणायला नेतात, ते काय उगीच? साहेबांनी एक वर्ष वारा मोजायला होकार दिला. तिचं पहिलंच काम, जागा तिच्याच शब्दावर ठरली.
पत्र तीनदा वाचलं. स्टाफरूममध्येही वाचून दाखवलं, कोणी विचारलं नसताना.

७ फेब्रुवारी १९९८
खांब उभा राहिला. कारंज्याच्या ढाब्यावर ट्रक रात्रभर थांबला होता, सकाळी इथे पोचला. टेकडीवर पुढे रस्ता नाही, मग नळ्या बैलगाडीने चढवल्या. निम्मं गाव वर. खांब आधी जमिनीवर आडवा जोडला, टोकाला तीन फिरत्या वाट्या, खाली दिशा दाखवणारं पातं. मग चारी बाजूंनी तारा लावून ओढत ओढत उभा केला. मध्येच एक तार ढिली पडली, खांब कलला, माणसं ओरडायला लागली. वं. ओरडली नाही. हात वर करून "थांबा" म्हणाली, चालत गेली, तार बघितली, "आता ओढा." पंचवीस-तीस बाप्ये तिचं ऐकून राहिले होते. मी शाळेत कधी एवढी शिस्त आणू शकले नाही.
बापूराव मला म्हणाले, "एवढी शिकवली पोरीले, आन् ते खांब गाडून राह्यली." म्हणाले खरं, पण सगळ्यांना वाटायला दोन टोपल्या संत्री तेच घेऊन आले होते.
वाट्या फिरायला लागल्या. बराच वेळ तोंड वर करून बघत बसले, मान धरली.

३ मे १९९८
माझं काम असं: महिन्यातून एकदा वर जायचं, खांबाच्या डब्यातली, आकडे साठवणारी चकती काढायची, नवी घालायची, जुनी रजिस्टर्ड पोस्टाने पुण्याला. गुडघे कुरकुरतात. पण आज वाट्या गरगरत होत्या. चांगलं होणार असं वाटतंय.

१६ फेब्रुवारी १९९९
वं. आली. वर्षभराचे आकडे आले.
"कमी हाय, बाई. लय कमी."
मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलं असेल. ती म्हणाली, यंत्र दोनदा तपासलं. उन्हाळ्यात दुपारी वारा आहे, पावसाळ्यात थोडा आहे, बाकी महिने सपाट. चक्कीला वर्षभर लागतो.
"पण वहीत तं पानोपानी वारा हाय. मग वारा गेला कुठं?"
पुढच्या आठवड्यात तिला साहेबांसमोर उभं राहायचंय. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. मी चिडले, कोणावर ते कळेना. मग तिच्यावरच चिडले की एवढी बारीक का झाली म्हणून.

१७ फेब्रुवारी
बापूरावांकडे जेवायला. झुणका-भाकर, वर वांग्याची भाजी. वं. जेवेना. टेकडीवरचा वारा बदलला का, जंगलतोडीने कमी झाला का, असलं काय काय बोलणं. बापूरावांनी भाकरी मोडता मोडता सहज म्हटलं, "वारा नसला तं सूप घेऊन कोन चढते तिथं?"
वं.ची आई हसली. वं. पण हसली.
मी भाकरी अर्धवट ठेवली. पाणी पिऊन उठले.
घरी येऊन आठ वर्षांच्या सगळ्या पानांवरून बोट फिरवलं. एकाही पानावर शून्य नाही. कसं असेल? पिंपळाचं पान हललं तरच मी पोरांना वर न्यायची. नाही हललं की वर्गात नकाशे भरायला बसवायची. वर्षाला पन्नास-साठ नोंदी. बाकीचे तीनशे दिवस कुठेच नाहीत. आणि गावही तसंच, धान्य घेऊन वर जायचं ते वारा बघून. म्हणून आजपर्यंत त्या टेकडीवर कोणालाच वारा पडलेला दिसला नाही.
आणि ही वही मी तिला मिरवत दिली.

१८ फेब्रुवारी
सांगायचं की नाही, सकाळपासून तेच. न सांगितलं तर कोणाला कळणार? वारा बदलला म्हणतील, जंगल तुटलं म्हणतील, पोरगी त्यात निभावून जाईल. सांगितलं तर तिलाच साहेबांसमोर म्हणावं लागणार की मी नीट विचारलंच नाही. एका शाळामास्तरणीच्या वहीवर कंपनीचा खांब.
अकराची नागपूर बस होती तिची. साडेदहाला स्टँडवर गेले. पोरांना जन्मभर चुका कबूल करायला लावल्या, छड्याही मारल्या त्यापायी. आता स्वतःची आली तर गप्प बसणार होय?
सगळं सांगितलं. पिंपळ, नकाशे, सगळं.
बस आली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, गेली. ही बसूनच. मग म्हणाली, "बाई, वहीत खोटं काई नाई. जे पाह्यलं ते लिवलं. मधले दिवस कुठं गेले, हे मी काऊन विचारलं नाई? मी तं इंजिनिअर हाओ ना."
पुढची बस साडेबाराला. तोवर आम्ही दोघींनी दोन-दोन कप चहा घेतला. तिसरा मी एकटीने.

१४ मार्च १९९९
पत्र. तिने अहवालात सरळ लिहून टाकलं: जागा निवडताना माझी चूक झाली, फक्त वाऱ्याच्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या. माझं नाव घातलं नाही. जागा निवडण्याच्या कामावरून तिला काढलं, दुसऱ्यांचे आकडे तपासायला बसवलं.
रात्रीच्या स्वैपाकाआधी उत्तर लिहिलं. चांगलं खडसावलं: माझं नाव का गाळलंस, मी काय लहान पोर आहे? पण खरं सांगायचं तर ते पत्र लिहिताना रडू येत होतं. एवढी खरी पोरगी माझ्या वर्गात खिडकीपाशी बसत होती आणि मी तिला खडू मारत होते.

१९ डिसेंबर १९९९
खांब उतरवला. माणसं पुण्याची होती, वं. नव्हती. सिमेंटचा ओटा तेवढा राहिला. बसायला बरा आहे.

१ जानेवारी २०००
नवी वही. आजपासून रोज, सकाळ-दुपार. पिंपळाला विचारायचं नाही. पहिली नोंद: वारा नाही.
शेजारच्या मास्तरांनी विचारलं, वारा नाही तर लिहिता काय? म्हटलं, तेच.

२३ जून २००२
वं.चं पत्र, डेन्मार्कहून! कंपनीने शिकायला पाठवलं. तिथे चक्क्या समुद्रात उभ्या करतात. किनाऱ्यापासून आत, खोल पाण्यात पाया घालून. तिने चित्र काढून पाठवलं, पाण्यातून उगवलेल्या खांबांची रांग, खाली एवढीशी होडी. पाण्यावर टेकड्या नाहीत, झाडं नाहीत, वाऱ्याला आडकाठी नाही, जमिनीपेक्षा जोरात आणि जास्त दिवस वाहतो. होडीतून शिडीवर चढावं लागतं, दोनदा उलटी झाली म्हणे. तरी चढली.
साहेबांनी हिलाच का निवडली ते तिने शेवटी लिहिलंय. ते म्हणाले, समुद्रात आकडे तपासायला दुसरं कोणी नसतं, तिथे आपली चूक आपण सांगणारं माणूस पाहिजे.
पत्र घेऊन टेकडीवर गेले, ओट्यावर बसून पुन्हा वाचलं. खारे वारे, मतलई वारे इतकी वर्षं शिकवले. फळ्यावर बाण काढून. समुद्र मात्र मी अजून पाहिलेला नाही. हे वर्गात कधी सांगितलं नाही.

९ मे २००५
लोडशेडिंगने जीव नकोसा केलाय. दिवसाचे किती तास जाते ते मोजायचं सोडलं. बापूरावांच्या बगीच्यात विहिरीला पाणी आहे आणि पंप बंद, झाडं पिवळी पडून राहिली. वं. सुट्टीवर आलीय. ओसरीवर बसलो होतो.
बापूराव: "कोळसा आपल्या इकडचा, धूर आपल्या इकडे, आन् लाईट मुंबईले."
वं. म्हणाली, कोळसा कधीतरी संपणारच आहे. किनाऱ्यावरच्या शहरांना समुद्रातलीच वीज मिळाली तर इकडची वीज तिकडे ओढायला नको. आपल्याला एवढा किनारा आहे आणि एकही चक्की पाण्यात नाही. आधी नीट मोजायला हवं.
"मंग आपल्या बगीच्याले कवा भेटन लाईट?"
"मले नाई माहीत, बाबा."
दुसरी कोणी असती तर दोन-चार वर्षांचं आश्वासन देऊन मोकळी झाली असती. बापूराव आत गेले आणि तिच्यासाठी ताक घेऊन आले.

३० नोव्हेंबर २००८
निवृत्तीचा दिवस. शाल, श्रीफळ, भाषणं. हेडमास्तर म्हणाले, बाईंची शिस्त वाऱ्यासारखी होती. त्यांना विचारणार होते कोणत्या महिन्यातल्या.
दुपारी वं.चा फोन. डेन्मार्क सोडून नोकरी इकडेच घेतलीय, किनाऱ्यावरची कोळ्यांची गावं फिरतेय. आवाजात उत्साह मावत नव्हता.
"बाई, आयका. कोळ्यांले विचारलं वारा कसा असते. सगळे म्हणाले, बेताचा. मी लिवून बी घेतलं. मंग पेन थांबला. पावसाळ्यात होड्या कुठं असतात? किनाऱ्यावर, ओढून ठेवलेल्या. सगळ्यात जास्त वारा असते तवा हे लोकं समुद्रात जातच नाईत! आपलीच वही, बाई. उलटी."
आता ती प्रत्येक गावात एकच विचारते म्हणे: कोणत्या दिवशी गेला नाहीत?
फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. शाल अजून खांद्यावरच होती.

११ एप्रिल २००९
समुद्रात वारा मोजायचा खांब रोवायची परवानगी अजून नाही. फाईल या खात्यातून त्या खात्यात. कोणी म्हणतं बंदराचं बघा, कोणी म्हणतं माशांचं. वं. दर महिन्याला जाऊन बसते. थकलीस का विचारलं तर म्हणाली, "नाई. खांब कललाय, तार पाहून राह्यली."

१७ मे २००९
वं.चा फोन. तिला एक माणूस पाहिजे. किनाऱ्यावरच्या एका गावात पावसाळाभर राहायचं, रोज तीनदा लिहायचं: होड्या गेल्या की नाही, लाटा केवढ्या, वारा कुठून. परवानगी आली तर खांब उभा करायला आणि पुढे दुरुस्तीला समुद्रात जाता येईल असे दिवस किती, ते त्यावरून ठरणार. न जाण्याचे दिवसच जास्त महत्त्वाचे. यंत्र ते लिहीत नाही.
"एक बी दिवस न गाळणारं माणूस पाह्यजे. मले एकच माहीत हाय."
मी म्हटलं, अगं, ज्या बाईने तुला बुडवलं तिलाच बोलावतेस?
"म्हणूनच तं."
इकडच्या वहीचं काय, नऊ वर्षं रोज लिहितेय, एवढंच म्हटलं.

२ जून २००९
परवा निघायचं. परवानगी आलेली नाही. येईल, न येईल. बॅगेत सहा कोऱ्या वह्या, छत्री, वं.च्या आईने दिलेलं लोणचं.
बापूराव सकाळी आले. म्हणाले, "जा तुमी बाई. इथली वही मी लिवतो." इतक्या वर्षांत वहीसाठी ते कधी माझ्यासोबत टेकडीवर चढले नव्हते. आज चढले, मध्ये दोनदा बसले. ओट्यावर बसून मी वही उघडून दिली. पेन हातात धरून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गवताचं पातं हलत नव्हतं.
"आज तं काईच नाई. उद्या येऊ का मंग?"
मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.
तेव्हा त्यांनी वही मांडीवर घेतली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: आज वारा नाई.