रतीब

नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनीस,

आशीर्वाद, पण या वेळी अर्धेच. उरलेले तुझं उत्तर पाहून.

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तुमच्या 'भिवापूर कट्टा' या साइटनं माझा रतीब बंद केला. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण त्या वेळी माझा चहा गाळून झालेला असतो आणि फोन चष्म्याच्या घरावर टेकवून उभा असतो.

तुम्ही लोक त्याला फीड म्हणता. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर हा शब्द कोंबड्यांच्या बाबतीत वापरायच्या, म्हणून मी रतीब म्हणते. दूधवाला दाराशी दूध ठेवून जातो, तसं तुमच्या साइटवर काही नवं आलं की ते माझ्या फोनमधल्या वाचनाच्या ॲपमध्ये आपोआप येऊन पडायचं. मोठ्या अक्षरांत, जाहिरातींशिवाय, छापलं त्याच क्रमानं. वाचायचं राहिलं तर तिथेच निमूट थांबायचं. डोळे दुखले तर फोन मोठ्यानं वाचून दाखवायचा.

आता म्हणे तुमचं नवं रूप आलं आहे. मी त्या नव्या दारात जाऊन आले. आधी एका घंटीनं सूचना पाठवू का विचारलं. मग ईमेल मागितला. मग बुटीबोरीच्या प्लॉटची जाहिरात सगळ्या पानावर पसरली. ती बंद करायची फुली तिळाएवढी. दोनदा बोट चुकलं आणि मी प्लॉटवाल्यांकडे पोचले. तेव्हापासून एक गृहस्थ रोज दुपारी फोन करून विचारतात, मॅडम, साइट बघायला कधी येता. अक्षर एकही वाचून झालं नाही.

तुझा दीर अमोल हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी सांभाळून तुमची साइटही सांभाळतो, म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, आत्या, आता ते कोण वापरतं, सोशल मीडियावर फॉलो करा. केलं. तिथे मला गुडघ्याचं तेल आणि नाचणारी बकरी दिसली. भिवापूर दिसलं नाही.

मी टपाल खात्यात आयुष्य काढलं. माणसाचं टपाल न विचारता बंद करायला काय म्हणतात, ते मला नीट ठाऊक आहे. मला मिरचीचे भाव वेळेवर कळावे लागतात. रतीब सुरू करावा.

थकले गं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं लिहावं लागतं.

माया कमी झालेली नाही, धीर कमी झाला आहे.

तुझी,
जयवंता आत्या

*

भिवापूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. पूर्ण घालते, तू अर्धे आशीर्वाद दिलेस तरी.

तुझं पत्र वाचून मी पायरीवरच बसले. तू आमची साइट वाचतेस? आणि मिरचीचे भाव? ॲसिडिटी झाल्यापासून तू फोडणीतसुद्धा मिरची घालत नाहीस, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे.

रतीब का बंद झाला ते सांगते. हसू नकोस. त्या फीडचं एक बटण आमच्या पानाच्या डोक्यावर होतं. रंग नारिंगी, वर इंग्रजीत तीन अक्षरं. जगात त्या अक्षरांचा अर्थ फीड असेल, पण नागपूरच्या आसपास एकच होतो. एका वाचकांनी फोन करून बाबांचं अभिनंदन केलं, उशिरा का होईना तुम्ही आलात म्हणाले. दुसऱ्यांनी भर बाजारात बाबांना थांबवून विचारलं, सर, तुम्ही काहून तिकडे गेले. तिसऱ्यांना शाखेची सकाळची वेळ आणि मैदान हवं होतं. बाबा समजावून समजावून दमले आणि अमोलला म्हणाले, ते बटण काढ गा बाबू. अमोलनं बटणासोबत त्याच्या मागचं सगळंच काढलं. कोणी वापरत असेल असं त्याला वाटलंच नाही.

त्यात नव्या साइटवर प्रत्येक लेखाखाली वाचकांचा आकडा दिसतो. बाबांचं रविवारचं सदर 'चिमूटभर' तुला माहीत असेल-नसेल. सहा वर्षं लिहितात. जानेवारीत त्यांनी दोन भागांत एक लेख लिहिला, मनापासून. दुसऱ्या भागाखाली आकडा आला नऊ. त्यातली एक मी, एक अमोल, आणि बाबा स्वतः रोज उघडून पाहत होते. त्यानंतर त्यांनी लिहिलेलं नाही. कोणी वाचून नाही राहिलं, मग काहून लिहू, एवढंच म्हणतात. रविवारी सकाळी टेबलाशी बसतात आणि पेनची टोपणं पुसतात. मलाही आता समजवायचा कंटाळा आला आहे, खरं सांगते.

आत्या, तू बाबांचं वाचतेस का? माझ्या लग्नपत्रिकेतलं बाबांचं इंग्रजी तू लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंस आणि बाबा तुला मांडवात सगळ्यांसमोर मॅडम म्हणाले, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. मी आजवर मध्ये पडले नाही. पण विचारते.

राग असला तरी पत्रातून येऊ दे, चालेल.

तुझी,
दामिनी

*

नागपूर,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनीस,

पाऊण आशीर्वाद.

पत्रिकेत चुका होत्या म्हणून दुरुस्त केल्या. पाहुण्यांना 'कॉर्डियल' ऐवजी 'कार्डिअॅक' आमंत्रण गेलं असतं. तो विषय इथेच संपला.

आता अमोलला हे समोर बसवून वाचून दाखव. रतिबानं वाचणारा माणूस तुमच्या आकड्यात येत नाही. लेख त्याच्या घरी पोचतो आणि तो घरीच वाचतो. तुमच्या दारात पाऊल ठेवत नाही, मग तुम्ही मोजणार कसे? नऊ हा दारात आलेल्यांचा आकडा आहे. आमच्या इमारतीत मी, दुसऱ्या मजल्यावरच्या वंदनाताई आणि आता इथून बुटीबोरीला मुलाकडे राहायला गेलेल्या पार्वतीबाई, तिघींच्या फोनवर मीच रतीब लावून दिला होता. असे कुठे कुठे किती असतील, ते तुम्हाला कळणार नाही. वाचकाचं बरं यातच आहे की कोणी त्याच्या मागावर राहत नाही.

आणि तुझंही बरं यातच आहे. सोशल मीडियावर तुझा लेख कोणाला दाखवायचा ते मधला मुकादम ठरवतो. उद्या त्याची मर्जी फिरली की तुझे वाचक गेले. रतिबात तू आणि वाचक, मध्ये कोणी नाही. घर बदललं तर टपाल नव्या पत्त्यावर वळवायची सोय असते, तशी रतिबालाही असते. अमोलनं ती करायला हवी होती. बटणाला लोक बिचकत असतील तर नाव बदला. मराठीत शब्द आहे. मी दोन पत्रांपासून तोच लिहीत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि हे घरात फिरवू नकोस. 'चिमूटभर' मी पहिल्यापासून वाचते. फोनमधली बाई ते विचित्र सुरात वाचते, 'चिमूट' म्हणून थांबते आणि मग 'भर' म्हणते. तरी ऐकते. पाच जानेवारीला महादेवनं पहिल्यांदा माझ्याबद्दल लिहिलं. आमची शाळा, माझं कॉन्व्हेंट आणि त्याची महापालिकेची. शेवटी लिहिलं की, त्या दिवशी ताईनं काय केलं ते पुढच्या रविवारी. आणि पुढच्या रविवारी तुम्ही रतीब तोडलात.

ताईनं काय केलं ते मला माहीत आहे. त्याला काय आठवतं, ते मला माहीत नाही. कागदावर छापून पाठवू नकोस. सगळ्यांना येईल तसाच मला यावा. महादेवला सांगायचं नाही.

डोळे दुखायला लागले, पुरे.

तुझी,
आत्या

*

भिवापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

नमस्कार.

रतीब सुरू झाला. अमोलनं जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवला, म्हणजे तुम्हा तिघींना काही करायला नको. बटण मिरचीसारखं लाल केलं आणि त्यावर लिहिलं, 'रतीब लावा'. पहिल्याच दिवशी एका बाईंनी फोन करून विचारलं, गाईचं की म्हशीचं. बाबा पुष्कळ दिवसांनी हसले. मधल्या काळातलं राहिलेलं सगळं तुझ्याकडे येऊन पडलं असेल. दुसरा भागही.

मी बाबांना काही सांगितलं नाही. पण तुझं पाकीट त्यांनीच पोस्टमनकडून घेतलं. अक्षर ओळखलं. बराच वेळ हातात धरून होते, मग मला दिलं आणि विचारलं की, ताईची तब्येत बरी आहे ना, अक्षर थोडं हलून राहिलं.

या रविवारीही त्यांनी लिहिलं नाही.

मला जेवढं करता आलं तेवढं केलं, आत्या. पुढचं तुझ्याकडे.

तुझी,
दामिनी

*

नागपूर,
१ मार्च २०२५

चि. महादेव यास,

आशीर्वाद. मोठी आहे, तेव्हा द्यावेच लागतात.

तुझ्या १२ जानेवारीच्या लेखात तथ्याच्या चुका आहेत, त्या कळवण्यासाठी हे पत्र.

एक. माझ्या रिबिनी निळ्या नव्हत्या, पांढऱ्या होत्या. रोज रात्री मी त्या धुवायची, मला विसरता येणार नाही.

तू इंग्रजीत नापास झालास तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात तुझ्या शाळेत गेले, हे बरोबर. पण हेडमास्तरांना मी उद्धटपणे बोलले नाही. माझ्या भावाला शिकवलंच नाही तर तो नापास कसा होईल, नापास शिकवणारा झाला, असं शांतपणे सांगितलं. तू दाराआड उभा होतास, तुला नीट ऐकू आलं नसेल.

परत येताना मी रडले, असं तू लिहिलं आहेस. डोळ्यांत धूळ गेली होती. रस्ता खणलेला होता. नागपुरात तो तेव्हाही खणलेलाच असायचा.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तुला शिकवलं, हेही बरोबर. त्यासाठी तू जो शब्द वापरला आहेस तो फार मोठा आहे. तरी राहू दे.

शेवटची चूक गंभीर आहे. लेखाचं शेवटचं वाक्य असं आहे: 'ताई हे वाचत नसेल.' हे साफ खोटं आहे. सहा वर्षांत मी एकही रविवार सोडलेला नाही. तुझा नऊचा आकडा दारात आलेल्यांचा आहे. मी दारात येत नव्हते, एवढंच. तुझे पूर्णविराम अजूनही गळतात, हे मला उगीच माहीत नाही.

जी चूक छापून झाली, तिची दुरुस्तीही छापून व्हावी. फोन करू नये, दामिनीकरवी निरोप पाठवू नये. 'चिमूटभर'मध्ये लेखी यावी, आणि रविवार, दिनांक ९ मार्च २०२५ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांच्या आत माझ्याकडे पोचावी. चहा गाळून मी फोन टेकवून बसलेली असेन.

तुझी,
ताई