कारणाचा रकाना

६ नोव्हेंबर
मी सिंधूताई, राहणार नंदनवन. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी बोलते, ऑफिसातली रोशनी कॉम्प्युटरवर लिहिते. तिनंच सुचवलं, आजी, रोज बोलत जा, तुमची डायरी होईल.

आज मसाल्याच्या कारखान्यात कामाले लागली. काम काय, तर चव पाहायची. जन्मभर सुनेच्या भाजीले फुकट नावं ठेवली, आता त्याचाच पगार. फाटकावर मशिनीत अंगठा लावावा लागते. मले लोक अंगठाछाप म्हणून हसत. इथं मॅनेजरही अंगठाच लावते. लई बरं वाटलं.

८ नोव्हेंबर
सावजी मसाला चाखला. धने करपले होते. मी नको म्हटलं, तसं रोशनीनं कॉम्प्युटरवर पिवळं पान उघडलं, मालाचा नंबर टाकला अन् तो माल होल्ड केला, म्हणजे जागच्या जागी थांबवला. चक्की थांबली. आता तिनं सोडल्याशिवाय त्या मालाले कोणी हात लावू शकत नाही. पानावर कारणाचा रकाना असते. तो रिकामा असला तर मशीन ऐकत नाही, म्हणे. मी म्हटलं, आमच्या म्हाताऱ्यापेक्षा बरी, तो कारण सांगूनही ऐकत नव्हता. रोशनी पोट धरून हसली. पोरगी गुणाची आहे. माझ्यासाठी डब्यात भाकर आणते.

१२ नोव्हेंबर
होल्ड केलेल्या मालाच्या परातीवर एक माशी आहे. आठ तारखेपासून. मेली नाही. पंख उचललेले, तसेच. फुंकर मारली, हलली नाही. अन् धने अजून गरम.

रोशनीले विचारलं. तिनं पिवळं पान उघडून तो माल होल्डमधून सोडला. माशी उडाली.

१५ नोव्हेंबर
चाळणी आणायले मागच्या खोलीत गेली. तिथं एक बाई बसली आहे, माझ्याच वयाची. मसाल्याची चिमूट ओठाशी नेलेली. डोळे उघडे. अंग गरम.

रोशनी मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, ही माझी आजी, रुखमाबाई. तुमच्याआधी हीच चव पाहायची. कडू आहे, थांब, असं आजी म्हणाली, मी तेच कारण लिहिलं. पण घाईत मालाच्या जागी तिच्या हजेरीचा नंबर टाकला. तीन वर्षं झाली.

सोडत काहून नाही, मी विचारलं. म्हणाली, माणूस असं सुटत नाही, त्याच्या जागी दुसरं ठेवावं लागते. मी म्हटलं, मग शेठले ठेव, तसाही जागचा हलत नाही. हसली नाही. मी रोशनीचे डोळे पुसले.

१६ नोव्हेंबर
अक्षर कळत नाही मले. रंग कळते. माझी डायरी ज्या पानावर आहे, ते पिवळं आहे.

कोणता रकाना, विचारलं. म्हणाली, कारणाचा. माणसाचं कारण त्याच्याच तोंडचं लागते, आजी. रडून राहिली अन् लिहून राहिली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माझं बोलणं त्याच रकान्यात—

रुखमाबाईची चिमूट बोटभर खाली आली आहे.

१७ नोव्हेंबर
फाटक अंगठा घेत नाही.

बोलणारच नव्हती आज. पण भाकर खाताना सवयीनं म्हणून गेली, मीठ कमी आहे वं. तेही लिहिलं तिनं.

पाय उचलत नाही. मागच्या खोलीत कोणी खोकललं—

माझा अंगठा धरला आहे तिनं. हात ओळखीचा आहे. भाकर देणारा.

लिही. हेही लिही वं, की मी तुले माझी नातच सम