कालचा हात

१२ मार्च
सकाळचे साडेअकरा

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळं धडधाकट आहे. माझी पाठ बरी आहे, तू दिलेलं कोरफडीचं रोप अजून जिवंत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस, करते असं म्हणतेस, हे मला माहीत आहे. तरी विचारते.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी एक वाक्य टाकलं की पुढची दोन तूच पुरी करून मोकळी होतेस. आज मला सगळं माझ्याच तोंडाने सांगायचंय. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून दुधाखालचा गॅस बघायला जाऊ नकोस.

तर, मी नोकरी सोडली.

गेल्या जुलैत. म्हणजे आठ महिने झाले. दर रविवारी तुला ऑफिसच्या ज्या गोष्टी सांगत होते, त्या निव्वळ थापा होत्या. नव्या साहेबांशी माझं बिनसलंय, हीसुद्धा. ते बिचारे मला कधी भेटलेलेही नाहीत.

किती वेळा सांगायला तोंड उघडलं आणि हवामानावर बोलले. तू नववीतून शाळा सोडून लाँड्रीत उभी राहिलीस, माझं शिक्षण व्हावं म्हणून. माझं व्हिजिटिंग कार्ड तू आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंयस. दातांच्या डॉक्टरलाही एक दिलंस, तोंडात कापूस असताना. ते कार्ड आता खोटं झालंय हे तुला कसं सांगणार होते?

माझं काम नक्की काय होतं, तेही तुला कधी धड सांगितलं नाही. फ्रिज-मशीन बिघडलं की लोक फोन करतात ना, ते फोन घेणारी एकशे ऐंशी मुलंमुली माझ्या हाताखाली होती. कोणी कोणाशी चार मिनिटांच्या वर बोलू नये, हे बघणं माझं काम. मी त्यात पटाईत होते. एकदा एक मुलगी एका आजोबांशी एकोणीस मिनिटं बोलली. मी तिला ताकीद लिहिली, सही केली, आणि फाइलला जोडायला म्हणून त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकायला बसले. आजोबांचा फ्रिज बंद पडला होता. बायको गेल्यापासून सगळंच बंद पडतंय, असं ते म्हणत होते. ती मुलगी नुसती हं हं करत होती. सोळाव्या मिनिटाला तिने हळूच विचारलं, "आजोबा, प्लग बघता का जरा?" प्लग निघालेला होता. मग दोघं इतके हसले, ताई, की मीही एकटी हसत बसले. हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही.

ताकीद फाडली. पुढच्या सोमवारी राजीनामा दिला. तेव्हा पुढे काय करायचं याचा पत्ता नव्हता.

पाठीसाठी मी सकाळी नगरपालिकेच्या तलावावर जायचे, ते तुला ठाऊक आहे. तिथे एक म्हातारे रखवालदार आहेत, सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. त्यांनी सांगितलं, मोठ्या माणसांचा सकाळचा वर्ग बंद होणार, शिकवायला कोणी नाही. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही रिकाम्याच दिसताय." अडीच महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, आणि ऑक्टोबरपासून मी पोहायला शिकवते. पन्नाशीची बाई, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला. हस, हस.

सुरुवातीला माती खाल्ली. जित्याची खोड ती, मी भिंतीवर तक्ता लावला. पहिला दिवस श्वास, दुसरा पाय, तिसरा तरंगणं, प्रत्येकाला इतकी मिनिटं. मागे पडला की शिट्टी. नऊ जण आले होते, दुसऱ्या आठवड्यात दोन उरले. एक शिंपीणबाई आणि एक निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीश कमरेएवढ्या पाण्यात काठाचा दांडा घट्ट धरून उभे असायचे. एके दिवशी ते म्हणाले, "बाई, जन्मभर मी लोकांना पुढची तारीख दिली. मला एक द्या."

त्याच आठवड्यात शिंपीणबाई तरंगायला शिकल्या. कशा, ते देव जाणे, माझ्यामुळे तर नक्कीच नाही. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी तोंडाला लावणार, एवढ्यात त्या न्यायाधीशांपाशी गेल्या. म्हणाल्या, "साहेब, डोकं द्या इकडे." त्यांच्या डोक्याखाली तळवा धरला आणि सांगितलं, "कानात पाणी जाईल, तेव्हा वाटेल आता संपलं. काल मलाही वाटलं होतं. तेवढंच असतं, पुढे काही नाही." मग एकेक बोट काढत गेल्या. पाचवं बोट निघालं तरी साहेब पाण्यावरच. छताकडे बघत, तोंड उघडं.

ताई, मी दहा दिवस घसा कोरडा करून जे सांगत होते, ते हिने एका तळहाताने सांगितलं. कारण तिची भीती फक्त एक दिवस जुनी होती. मी ती कधीच विसरून गेले होते. निदान मला तसं वाटत होतं.

तक्ता त्याच दिवशी काढला. शिट्टी मास्तरांना परत दिली. आता आमचा एकच नियम आहे. आज जो तरंगला, त्याने उद्या नव्या माणसाचं डोकं धरायचं. आम्ही त्याला 'कालचा हात' म्हणतो. सकाळी कोणी नवीन आलं की हाक जाते, "कालचं कोण आहे?" मग काल जन्मभरात पहिल्यांदा तरंगलेला माणूस छाती फुगवून पुढे येतो. न्यायाधीशांनी एका बसड्रायव्हरला धरलं. त्या ड्रायव्हरने शाळेच्या मुख्याध्यापिकेला. आज त्रेसष्ट जण आहेत. मी काठावर उभी राहून चहा पिते, कोणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर गप्प बसते. एकशे ऐंशी माणसांवर हुकूम चालवताना मला जेवढी झोप लागत नव्हती, तेवढी आता लागते. घरी येताना मी गुणगुणते म्हणे. शेजारीण सांगत होती.

आता जे टाळत आले, ते लिहिते.

आपण दगडाच्या खाणीपाशी राहायचो. मी पाच वर्षांची, तू चौदाची. मी खाणीतल्या पाण्यात पडले, पाठीवर. वर आकाश दिसत होतं आणि कानात पाणी शिरत होतं, एवढं मला आठवतं. मग तू दिसलीस. तुला पोहता येत नव्हतं आणि तू उडी मारलीस. ट्रकवाल्याने दोर टाकला नसता तर दोघीही गेलो असतो. त्यावर तू आजवर चकार शब्द काढला नाहीस. पण तू डोक्यावर पाणी घेताना अजून मान पुढेच झुकवतेस. तुझ्या बाथरूममधल्या शॉवरवर ओले कपडे वाळतात. माझं लक्ष आहे.

आणि माझं सांगू? मी पोहते ती पोटावर. त्रेसष्ट माणसं माझ्या तलावात तरंगायला शिकली, आणि मला स्वतःला पाठीवर तरंगता येत नाही. परीक्षेत पाण्याखाली पाय मारत राहिले, परीक्षकाला दिसलं नाही. आजवर कोणाच्याही हातावर मी डोकं टेकवलेलं नाही. कान पाण्यात गेले की मी पाच वर्षांची होते. हे तलावावर कोणालाही माहीत नाही. फक्त तुला सांगतेय.

ताई, तू ये. पाणी कमरेएवढंच आहे, कोमट आहे, काठाला दांडा आहे. मला तुला एकदा पाण्यावर हसताना बघायचंय. तुझं डोकं मी स्वतः धरीन. नियम मोडून धरीन.

रागावली असलीस तर राग लिहून पाठव. पण गप्प बसू नकोस.

तुझी, कार्ड नसलेली,
ठमी


२० मार्च

ठमे,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. दूध उतू गेलं.

नोकरीचं मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. राहायला आली होतीस तेव्हा तुझी बॅग मी उपसली. टॉवेलला तलावाच्या औषधाचा वास, आणि ऑफिसच्या शर्टांना मी ऑगस्टमध्ये घातलेली घडी तशीच्या तशी. तीस वर्षं लोकांचे कपडे हाताळले आहेत मी. अंगाला लागलेला शर्ट आणि न लागलेला शर्ट मला डोळे मिटून कळतो. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.

राग आला, तो थापांचा. साहेब एका रविवारी बुटका होता, दुसऱ्या रविवारी उंच. खोटं बोलायचं तर वहीत टिपून ठेवावं.

शाळेचंही ऐक. ती मी तुझ्यासाठी सोडली, हे खरं. पण मला भूगोल अजिबात जमत नव्हता आणि त्या वर्षी मी नापास होणार होते, हेही खरं. हे तुला सांगितलं नाही, कारण तू माझ्याकडे जरा आदराने बघायचीस, ते मला आवडायचं. तेव्हा ते ओझं आता खाली ठेव. थापा मारण्यात तू माझीच बहीण आहेस.

आरशावरचं कार्ड काढलं. तलावाचं नवीन पाठव, हाताने लिहिलेलं चालेल. दातांच्या डॉक्टरला पोहता येत नाही, मी विचारून घेतलं.

पाच एप्रिलला येतेय. तरंगायला किती दिवस लागतील देव जाणे, म्हणून परतीचं तिकीट काढलेलं नाही. शिंपीणबाईंना सांगून ठेव, पोहायचा पोशाख त्यांनीच शिवायचा. दुकानातला मला होत नाही, मी दुकानात जाऊन रडून आले आणि मग हसून आले.

पण तुझा हात मला नको. तू थरथरशील, मग मीही थरथरेन. नियम म्हणजे नियम, मला कालचा हात दे. कालचा कोणीही चालेल, अगदी अनोळखी असला तरी.

आणि मी तरंगले की दुसऱ्या दिवशी माझी पाळी. नवं माणूस कोण, ते मी ठरवून ठेवलंय. चहाचा कप काठावर ठेवायचा आणि मुकाट्याने पाण्यात उतरायचं. त्या दिवशी खाणीत माझ्या हाताला तुझ्या फ्रॉकचं फक्त टोक लागलं होतं. ते अजून माझ्या बोटांत आहे. या वेळी मी डोकं धरणार आहे, आणि तू सांगेपर्यंत एकही बोट काढणार नाही.

काल नळाखाली मान मागे टाकून बघितली. सातपर्यंत मोजलं.

तुझी, लवकरच कालची,
ताई