उलटीकडून काढलेली मेंढी

पुणे, माघ वद्य तृतीया, सन १९३९

प्रिय धर्मसिंग,

रामराम घे. लेकरांनी लिहिलेल्या कागदांचं तुझं गठुडं पोचलं. गोरेगावच्या कापडवाल्याचा माणूस इथं माल भरायला आला होता, तो छापखान्याच्या दारात आणून देऊन गेला. उत्तराला आठ दिवस उशीर झाला, रागावू नको. तीनदा लिहायला बसलो न् तीनदा उठलो. एका जागी बसणं माझ्या अंगातच न्हाई, तुला माहीत आहे. तिसरीच्या वर्गातून मी खिडकीवाटे गेलो तो गेलोच. पंतोजी म्हणाले होते म्हणे, मेंढरं बरी, संध्याकाळी परत तरी येतात.

तू विचारलंस, तिथं दिवसभर करतोस तरी काय. माझं काम दगडाचं. आमच्या शिळाप्रेसात चित्र गुळगुळीत दगडावर उलटं काढतात. त्यावर शाई देऊन कागद दाबला की सुलटं उमटतं. काम सरलं की दगड माझ्याकडं येतो. वाळू न् पाणी घालून मी तो घासतो, जुनं चित्र घालवतो, नव्यासाठी कोरा करून देतो. पण चित्र असं लवकर जात न्हाई. ओल्या दगडात मोर दिसतच राहतो. मोराखाली मागल्या महिन्यातलं जहाज, जहाजाखाली कुणाचं तरी रांगतं बाळ. कधी कधी घासता घासता हात हलका होतो न् वाटतं, असंच घासत गेलो तर तळाला आपला माळ लागेल. मेंढरं बसलेली असतील न् एकाच घोंगड्यात आपण दोघं.

ते कापडाच्या ताग्यावरचे छाप आठवतात का? ती रंगीत चित्रं आपण गोरेगावच्या बाजारात ओल्या बोटानं सोडवून आणायचो. हत्तीवर बसलेली बाई तर आपण सबंध हिवाळा पुरवली. तू तिची गोष्ट सांगायचास, मी मंग मंग करायचो, अन् बराबर नदीच्या मधोमध हत्ती आला की तू थांबायचास. म्हणायचास, पुढचं तू सांग, मला भाकर खाऊ दे. पंतोजीच्या छडीनं जे झालं न्हाई ते तुझ्या त्या भाकरीनं झालं. मला शब्द लागायला लागले.

म्हणून तू मास्तर झाल्यावर लिहिलंस, की माझ्या अकरा लेकरांचं अक्षर मोत्यासारखं आहे पण स्वतःचं काही लिही म्हटलं की खडूकडं बघत बसतात, तेव्हा मला दुसरं काही सुचलं न्हाई. खराब निघालेले कागद बांधून पाठवले. प्रत्येक रंगाचा दगड येगळा असतो. कागद केसभर सरकला की पोपट एकीकडं न् त्याचा हिरवा रंग दुसरीकडं. आमचे उस्ताद त्याला रद्दी म्हणतात. तू ती रद्दी फळ्याला टांगलीस, गोष्ट मोठ्यानं सांगितलीस, अन् जुन्या खोडीनं मध्येच थांबून म्हणालास, पुढचं मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. काय सांगू तुला! उत्तमसिंगच्या पोरानं लिहिलंय, ‘पोपट घाईत उडाला. त्याचा रंग फांदीवर राहिला. तो रंग न्यायला परत येईल.’ मी ते उस्तादांना वाचून दाखवलं. कधी न हसणारा माणूस, ऐकून हसला. शाईच्या फळीवर तो कागद लावला न् म्हणाला, चाळीस वर्षं मी याला रद्दी म्हणत आलो. यशोदाबाईच्या पोरीनं तर रंग सरकून दोन नाकं झालेल्या राजाचा निकालच लावला. एक नाक दरबारातलं, एक घरचं, घरच्याला शेंबूड येतो! आम्ही सगळे काम सोडून हसलो.

आता माझी खबर. उस्तादांना कराचीच्या मोठ्या छापखान्यानं बोलावलंय, अन् ते मला बरोबर न्यायचं म्हणतात. दगड घासायला न्हाई, चित्र काढायला शिकवतो म्हणाले. आगबोटीनं जायचं. गेलं की चार-पाच वर्षं परत येणं न्हाई. मी समुद्र फक्त दगडावर बघितलाय. तरी रोज दुपारी भाकर खाताना तो माझ्या पायाशी येऊन जातो. मी त्यांना एवढंच म्हटलं, घरी माय बरी असली तर येतो. दोन वर्षं झाली तिला बघून.

माय बरी आहे, हे तर घरची पत्रं सांगतातच. आमची धाकटी मंजुळी तुझ्या शाळेत लिहायला लागल्यापासून नऊ पत्रं आली. ‘तीर्थरूप दादास मंजुळाचा शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम. तुमचे क्षेम लिहीत जावे.’ नऊच्या नऊ सारखी, बदलते ती फक्त तिथी. फळ्यावर तू लिहिलेलं पोरीनं काना-मात्रा न चुकवता उतरवलेलं. शेळी व्याली का, पाऊस पडला का, काही न्हाई. मला आपली गंमत वाटायची, की आमच्या घरात क्षेमाशिवाय दुसरं काही घडतच न्हाई. मागल्या साली मायनं घोंगडं धाडलं, त्याच्या दोन पट्ट्यांमधली शिवण अशी वाकडी गेलेली, जशी वाट चुकलेली मेंढी. तेव्हाही मी हसलो. म्हातारी घाई करायला लागली, म्हटलं.

या खेपेच्या गठुड्यात मंजुळीचं पान सगळ्यात खाली होतं. मेंढीचं चित्र, पांढरा रंग जरा खाली घसरलेला. तू घाईत बांधून दिलंस, ते वाचलं नसशील. पोरीनं लिहिलंय, ‘मेंढी उन्हात बसली आहे. तिचं लेकरू मागं राहिलं आहे. मी चित्र घरी नेलं. मी मायला चित्र वाचून दाखवते. माय चित्र बोटानं बघते. तिला मेंढी सापडत न्हाई. माय म्हणते, कागदाला लोकर न्हाई.’

धर्मसिंग, शिळाछाप सपाट असतो. बोटाला त्यात काहीच लागत न्हाई, हे माझ्याइतकं कुणाला ठाव असणार?

डोळे गेल्याचं मला कळवायचं न्हाई, अशी मायनं तुला न् मंजुळीला शपथ घातली असणार. त्याला कळालं तर तो हेही काम टाकून पळत येईल, असंच म्हणाली असेल न्हाई का? तिनं काहून तसं म्हणावं, हे मी कुण्या तोंडानं विचारू! याआधी तीन कामं टाकून पळालो ते मीच. तुझ्यावर राग न्हाई. पण मंजुळीला एक शब्द बोलू नको. तिनं शपथ मोडली न्हाई. तिला फक्त चित्राबद्दल लिहायला सांगितलं होतं, तिनं तेवढंच लिहिलं. नऊ पत्रांत जे मावलं न्हाई ते त्या पानावर आलं. त्या पानावर कुठंच तांबडी रेघ मारू नको.

उशीर झाला तो यापायी. आमच्यात नक्शा दगडावर उतरवायचा तर आधी कागदावर रेघेरेघेनं सुईनं टोचतात, त्याला खाका म्हणतात. मी जाड कागद घेतला न् आठ दिवस दुपारच्या सुट्टीत आपली खिलारी बैलासारख्या शिंगांची मेंढी टोचली. मागल्या बाजूनं, उलटी, म्हणजे पुढून सुलटी न् उठावदार लागेल. तेवढं उलटं काम मला येतं. उस्तादांनी डोळे मिटून बोट फिरवलं, आधी कान सापडेना, सापडला तसे हां म्हणाले. कराचीचं काय, हे त्यांनी विचारलंच न्हाई. म्हणाले, आगबोट पुढल्या सालीही सुटते. होळीच्या आधी हिंगोलीच्या टेसनात उतरतो. पळून न्हाई, रीतसर सुट्टी सांगून, जन्मातली पहिली. इथं डोळ्यांचा दवाखाना आहे, मायला घेऊनच परतीन. तोवर हा टोचलेला कागद तिला दे. मंजुळीला बजाव, आधी काही वाचून दाखवायचं न्हाई, मायला स्वतः सापडू दे. मंग माय जे बोलेल, शिव्या दिल्या तर त्याही, जशाच्या तशा लिहून ठेव म्हणावं. अन् फळ्यावरचं ते ‘सर्व क्षेम’ तू आजच पुसून टाक. पुसायचं काम खरं माझं, पण मला यायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत.

तुझाच,
मसाजी