तोंडात धरलेला खिळा

लातूर, एप्रिल २०१६

प्रिय सूनबाई शिवकांता,

तू जळकोटला माहेरी गेलीस त्याला दोन महिने झाले. यंदा लातूरचं पाणी रेल्वेनं येतंय. घागर घेऊन रांगेत उभी राहते, उन्हानं डोळे मिटतात आणि समोर आमचा जुना छापखाना दिसायला लागतो.

ब्याऐंशी साल. पावसानं तेव्हाही पाठ फिरवली होती, पण लातूरचा नवा जिल्हा झाला आणि छापखान्यात कामाचा पूर आला. पावत्या, लेटरहेडं, सगळीकडचं 'जिल्हा उस्मानाबाद' जाऊन 'जिल्हा लातूर' यायचं होतं. मी शिशाचे खिळे जुळवायची, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. मन्मथ तेव्हा माझ्या पोटात. मशीन धडधडलं की तो आत हलायचा. मला वाटायचं, पोर आत्तापासूनच उलटी अक्षरं वाचतंय. दुपारी डुलकी लागली की सगळे खिळे तळ्यातल्या मासोळ्यांसारखे पोहताना दिसायचे. किती सुखाचे दिवस होते ते, तुला काय सांगू.

हात गुंतले की पुढचे खिळे मी ओठांत धरायची. मालक अमृतराव ओरडायचे, "महानंदे, तोंडात नको धरू गं, जहर हाय ते!" मी हसायची. संध्याकाळी गुळाचा खडा मिळायचा, तो खाल्ला की सगळं उतरतं असा आमचा समज. हात धुवायला पाणी कुठलं? पदराला बोटं पुसून भाकरी खायची.

आता मुद्द्याचं. हात रेटत नाही, तरी लिहिते. मूल होत नाही म्हणून केलेल्या तुम्हा दोघांच्या तपासणीचे कागद आणायला नांदेडला मीच गेले होते. घरी येऊन मन्मथचं सगळं ठीक आहे म्हणाले. ते खोटं होतं. ठीक तुझं होतं, दोष त्याच्यात होता. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, हा पोटात असताना तुम्ही काय काम करायचात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही, पण शिसं आईच्या रक्तातून गर्भात जातं, मुलाचं बीज तिथंच अधू होऊ शकतं. परतताना बसमध्ये जिभेवर खिळ्यांची तीच जुनी चव आली. लेकाचा दोष कबूल केला असता तर माझाही करावा लागला असता. म्हणून तो तुझ्या माथी मारला. शेजारच्या डोहाळजेवणात तुला ओटी भरू दिली नाही, तीही मीच. शिवकांता, मला लाज वाटते.

काल मन्मथला सगळं सांगितलं. मी त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी बिलोलीची मुलगी बघितली होती, त्यानं तिथं फोन लावला आणि सोयरीक घेऊन येऊ नका म्हणाला. सोमवारी तो जळकोटला येतोय. दार उघडायचं की नाही, तुझं तू ठरव. तपासणीचा असल कागद सोबत आहे, तो आधी तुझ्या आईला दाखव. लिहायच्या आधी दोन तांबे पाणी घालून हात धुतले. पाकीट मात्र जिभेनं ओलं करायचं धाडस झालं नाही, कणकेनं चिकटवलंय.

तुझीच,
महानंदा