दुसरा कॅन

मामू, सलाम.

खाडीतला गाळ तुम्ही स्वतः कॅनमध्ये भरून एस्टीनं कोल्हापूरला आणून दिलात, त्याचा रिपोर्ट सोमवारी तुमच्या वकिलांना गेला. गाळ विषारी हाय असं त्यात लिहिलंय आणि खाली माझी सही हाय.

लॅबमध्ये आम्ही खाऱ्या पाण्यात समुद्री कोळंबीची पिल्लं वाढवतो. तुमच्या गाळात वीस सोडली, सकाळी वीसच्या वीस मेलेली. शेजारच्या चांगल्या पाण्यातली सगळी जिवंत. मला आनंद झाला, मामू. वाटलं, खाडीत घाण सोडून तुमची कालवं मारणारी कंपनी आता सापडली.

परवा तुमचा रिकामा कॅन धुवायला घेतला, तर झाकणाला तणनाशकाचा वास. त्यात नुसतं चांगलं खारं पाणी भरून पिल्लं सोडली. तीही मेली.

खरं सांगावं तर कंपनी सुटती. पुन्हा गाळ आणा म्हणावं, तर पावसानं खाडी धुऊन नेली. कालवं कशानं मेली ते आता कुणालाच कळायचं न्हाय. म्हणून गप्प बसले. हे पत्रसुद्धा पोस्टात टाकायची माझी छाती न्हाय.

पण कॅन देताना तुम्ही म्हणालता, "बागवाल्यानं दोन दिले. दुसऱ्यात तुझी मामी प्यायचं पाणी भरती."

आज फोनवर मी एवढंच म्हणाले, की तो दुसरा कॅन फेकून द्या.

"का गं?"

"जुना झालाय की, मामू."

तुम्ही हसलात. "न्हाय गं, अजून नव्यासारखा हाय."

सही करणारी तुमची भाची,
आफशीन