घिवलीच्या विहिरीतले गिटार

बोईसर, वैशाख, १९६७

तीर्थस्वरूप शांताराममामांस, आनंदाचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? माझी प्रकृती ठणठणीत आहे, अब्रूचे तेवढे विचारू नका. पण तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच लिहितो.

आमच्या बँडची तबकडी तुम्ही गावभर ऐकवलीत हे वाचून आनंद झाला (तेव्हा झाला होता). अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या एका अमेरिकन साहेबाकडून आम्ही हे संगीत उचलले. त्यांच्याकडे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याचा खेळ आहे आणि त्या खेळाचे वेगळे गिटार आहे. शब्द नाहीत, नुसती भरतीची गाज. (इथल्या घिवलीच्या कोळीवाड्यात हे सांगितले तर लोक म्हणाले, "त्यांच्याकडं होडी नाय काय?") पण त्या गाजेतली निम्मी करामत स्टुडिओची असते, मामा. मुंबईच्या रेकॉर्डिस्टने माझे गिटार जिन्याखालच्या रिकाम्या खोलीत स्पीकरवर सोडले आणि तिथला घुमारा माइकने पकडून मूळ आवाजात मिसळला. तुम्ही ऐकलेला समुद्र तो त्या जिन्याखालचा.

केंद्राच्या कामावर आमच्याबरोबर वायरिंगला घिवलीचा रामा आहे. त्याच्या हळदीला आम्हाला बोलावणे आले, वर ताकीद, "तबकडीवानीच वाजवा, आमच्या आयेला सांगून ठेवलंय." आता उघड्या मांडवात घुमारा कुठून आणायचा? तिथे गिटार म्हणजे नुसती टिणटिण. आमचा ड्रमवाला भगवंत म्हणाला, मागे विहीर आहे की! झाले. स्पीकर कप्पीच्या दोराला बांधून पाण्याच्या हातभर वर सोडला, काठाशी माइक टांगला, कर्णा मांडवात लावला. असा घुमारा उठला म्हणता! माझा मलाच इतका अभिमान वाटला की मी डोळे मिटून वाजवू लागलो. (तिथेच घात झाला.)

इतक्यात बायका पाणी शेंदायला विहिरीवर गेल्या, तर आत कुणीतरी गळा काढून रडते आहे. "कोन पडला रं विहिरीत!" अशी आरोळी उठली आणि सगळा मांडव आमच्याकडे पाठ करून विहिरीकडे धावला. मी डोळे उघडले तर समोर एक माणूस नाही. अंगाला हळद लागली की नवऱ्याने मांडवाबाहेर पाऊल टाकायचे नसते, पण गावात सगळ्यांत चांगला पोहणारा रामाच; त्याने सरळ विहिरीत उडी टाकली. मी घाबरून आणखी जोरात वाजवले. रामा वर आला तो माझा स्पीकर कडेवर घेऊन, आणि त्याची हळद सगळी पाण्यात.

म्हाताऱ्यांनी अपशकुन म्हणून डोळ्यांना पदर लावले. रामाची आई जमुनाबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "माझा पोर विहिरीत, नि तुमी वाजवताय काय?" माझी मान वर होईना. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. हळदीने पिवळे झालेले पाणी काढायला गावाबरोबर आम्हीही विहीर उपसली. घरात पुन्हा हळद वाटायला घेतली, तेव्हा त्या माउलीने मला ओट्यावर बसवले. "आता वाजव. हितंच, आमच्या डोल्यांसमोर." मी वाजवले. तबकडीतला तो मी नव्हे, हे पोराटोरांनीसुद्धा ओळखले. कुणी हसले नाही, त्याचेच जास्त लागले.

मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमचा
आनंदा

ता. क. तबकडी ऐकवून तुम्ही कराडच्या ज्या मुलीशी माझे जमवलेत, तिच्या वडिलांनी साखरपुड्यात मला वाजवायला सांगितले आहे म्हणे. कृपा करून ते टाळा. हात भाजला म्हणून सांगा.

ता. क. २ हात भाजल्याचे सांगू नका. मुलीला खरे ते सांगा. मी सावकाश वाजवले होते, रेकॉर्डिस्टने फीत जलद फिरवून माझी बोटे पळवली. मी प्रत्यक्षात निम्म्या वेगाचा आहे. तबकडी ऐकून तिने दिलेला होकार मी परत करतो आहे. हे पत्र तिला वाचून दाखवा आणि पुन्हा एकदा विचारा. काय म्हणाली ते लगेच कळवा, मामा.